दोन चंद्र शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डासमोर माझं औषधांचं दुकान.
हळदीच्या हंगामात नोटा पिवळ्या येतात,
गल्ला पिवळा, कॅल्क्युलेटरची बटणं पिवळी,
रात्री हात धुतले की बेसिनमध्ये
कुणाचं तरी लग्न निघाल्यासारखं पाणी.

बिराप्पा करे, मूळचा जतकडचा,
पंचवीस वर्षं पोत्याखाली.
चिठ्ठीवर : छातीत कफ, क्लॅरिथ्रोमायसिन,
दोन वेळा, सात दिवस.
त्याला वाचता येत नाही, म्हणून
पट्टीच्या मागे, प्रत्येक गोळीवर, मी मार्करनं चित्र काढते.
सकाळी सूर्य. रात्री चंद्र.
कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.

शेवटचा चंद्र काढत होते तेव्हा तो काउंटरवर वाकला.
"ताई, ह्येच्यावर आमचं त्ये चालतंय न्हवं?"
"ते म्हणजे?"
"भोळ्याचं."
आणि मूठ ओठांपाशी नेऊन लगेच खाली घेतली,
जणू मिशी पुसली.

मागे एक बाई डायपर मागत होती.
आधी तिला दिले. सुटे दिले.
ती पायरी उतरेपर्यंत दोघंही
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

केसपेपरवर तंबाखूचा रकाना असतो, दारूचा असतो.
त्यानं दोन्हीला नाही सांगितलेलं
आणि ते खरंच होतं.

खोक्यातला कागद उलगडला.
घडी तिकिटाएवढी, उघडली की पंचा.
त्यात कितीतरी औषधांची नावं,
भोळ्याचं नाव कुठंच नाही.

"ऐका," म्हटलं, "मला सगळं माहीत नाही.
पण लिव्हरमध्ये एक तोलाईवाला बसलेला असतो,
आलेला माल फोडून वाटेला लावणारा.
ही गोळी त्याचा हात धरून ठेवते.
मग तुमचं ते पोतं आतच पडून राहू शकतं.
एका झुरक्याचे दोन व्हायचे.
डोकं गरगरेल, काळीज धडधडेल,
आणि तुम्ही पन्नास किलो घेऊन फळीवर चढणार.
शिवाय धूर. छाती आधीच भरलेली."

पोलिसांचं काही बोलले नाही.
त्यानं ते विचारलं नव्हतं.

त्यानं काट्यावरचा आकडा ऐकावा तसं ऐकलं.
"म्हंजी दोन्ही एकदम न्हाई."
"एकदम नाही."
"मग त्येचं बी चित्तर काढा. अन् फुली मारा."

पाकिटावर चिलीम काढली, ती गाजर झाली.
तो हसला,
आणि हसण्याच्या खूप खालून खोकला वर आला,
थांबेना.

आठव्या दिवशी पट्टी घेऊन हजर.
बोलावलं नव्हतं. हिशेब द्यायला आल्यासारखा
काचेवर उलटी ठेवली.
सूर्य सगळे फुटलेले.
दोन चंद्र शिल्लक.

"त्या दोन रातीला पाठ लई धरली बगा.
डोळ्याला डोळा न्हाई.
तुमीच म्हनलासा, दोन्ही एकदम न्हाई.
म्हनून गोळी ऱ्हाऊ दिली."

ओरडायला तोंड उघडलं
आणि गाजरावरची फुली आठवली.
दोन पोती एकदम उचलू नका, एवढं सांगितलं,
कुठलं खाली ठेवायचं
ते मी सांगितलंच नव्हतं.
त्यानं आपल्या पाठीला विचारून ठरवलं.

"खोकला?"
"हाय की."
"डॉक्टरांकडं परत जा. हे दोन चंद्र दाखवा.
पाठीचं सांगा. आणि ते पण सांगा."
"त्ये बी?"
"ते बी."

पट्टी त्यानं टोपीत ठेवली, टोपी डोक्यावर.
काचेवर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा
संध्याकाळपर्यंत होता. गिऱ्हाइकांनी त्यावरच पैसे ठेवले.

आता सूर्य काढताना मी काही विचारत नाही.
चंद्र काढायला घेतला की मार्कर थांबतो,
आवाज थोडा खाली येतो :
रात्री झोप लागते का?
आणि नाही लागली,
तर काय करता?